शर्यतीत पाणी कधी प्यावे? मॅरेथॉनच्या तहानेचा इतिहास

१/
३० ऑगस्ट १९०४. अमेरिकेतील सेंट लुईस शहर. दुपारचे तीन वाजून गेले आहेत, पारा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी ३२ धावपटू स्टेडियमबाहेर पडत आहेत. पुढचा रस्ता कच्चा, चढउतारांचा. पुढेमागे अधिकारी, डॉक्टर आणि पत्रकार यांच्या मोटारी. त्यांच्या चाकांखालून उठलेला धुरळा थेट धावणाऱ्यांच्या नाकातोंडात. सुमारे ४० किलोमीटरच्या या वाटेवर पिण्याच्या पाण्याचा खात्रीचा आधार म्हणजे साधारण मध्यावर असलेली एक विहीर. ३२ पैकी १४ जणच शेवटपर्यंत पोहोचले.

आजचा धागा या विहिरीपासून सुरू होतो. व्यायामाच्या आधी, मध्ये आणि नंतर काय खावे-प्यावे, आणि मुख्य म्हणजे केव्हा, हा प्रश्न आज आपण मोबाइलला विचारतो. त्याचे उत्तर शोधताना शंभर वर्षांत माणसे कोसळली आणि काही मेलीही.

२/
त्या दिवशीचा विजेता थॉमस हिक्स. शर्यत संपायला सुमारे दहा मैल उरले असताना तो डगमगू लागला आणि त्याने पाणी मागितले. सोबतच्या मदतनीसांनी ते नाकारले. स्पंज ओला करून त्याचे तोंड मात्र आतून पुसले. पुढे त्याला अंड्याचा पांढरा बलक आणि त्यासोबत सुमारे एक मिलिग्रॅम स्ट्रिक्नीन देण्यात आले. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या बियांतून मिळणारे विष. कोकणात या झाडाला काजरा म्हणतात. त्या काळी अत्यल्प मात्रेत ते उत्तेजक मानले जाई. आणखी काही अंतरावर पुन्हा स्ट्रिक्नीन, पुन्हा अंडी, आणि वर ब्रँडी. पाणी अंगावर ओतले जात होते. पोटात मात्र जाऊ दिले जात नव्हते.

३ तास २८ मिनिटे ५३ सेकंदांनी हिक्स पोहोचला तेव्हा त्याला भास होत होते. त्याला धरून आणावे लागले. आजच्या नियमांत हे विजेतेपद क्षणभरही टिकले नसते.

३/
हा सारा वृत्तान्त आपल्याला ठाऊक आहे तो चार्ल्स लुकास या मदतनीसामुळे. त्याने पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून सगळे तपशील नोंदवले, आणि तेही लपवाछपवी न करता, अभिमानाने. या शर्यतीवरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की वाटेत औषधे दिल्याने धावपटूला मोठा लाभ होतो!

इतिहास वाचताना असे साक्षीदार मोलाचे असतात. आपण काही चूक करीत आहोत याची त्यांना शंकाही नसते, म्हणून ते सगळे सांगून टाकतात.

४/
त्याच शर्यतीतील आणखी दोन माणसे. कॅलिफोर्नियाचा विल्यम गार्सिया रस्त्याच्या कडेला निपचित सापडला. धुळीने त्याच्या जठराला इजा होऊन आत रक्तस्राव झाला होता. तो थोडक्यात वाचला. दुसरा क्यूबाचा पोस्टमन फेलिक्स कार्वाहाल. लांब विजार गुडघ्यावर कापून तो धावायला उभा राहिला होता. भूक असह्य झाली तेव्हा वाटेतल्या बागेतील सफरचंदे त्याने खाल्ली. ती बाधली, पोटात कळा आल्या, आणि तरीही तो चौथा आला.

पहिल्याला विष आणि ब्रँडी, चौथ्याला नासकी सफरचंदे. ऑलिंपिकमधील क्रीडा-आहाराची त्या वर्षीची स्थिती एवढीच.

५/
पाणी नाकारण्यामागे दुष्टपणा नव्हता, समजूत होती. धावताना प्यायलेले पाणी पोटात डुचमळते, बरगडीखाली कळ येते, अंग जड होते, असा सार्वत्रिक विश्वास होता. त्याला नैतिकतेचीही जोड होती: तहान मारणे हे कणखरपणाचे लक्षण, पाणी मागणे ही दुर्बलता. १९०४ च्या स्पर्धांचे एक प्रमुख संयोजक जेम्स सलिव्हन यांनी १९०९ मध्ये मॅरेथॉनवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तीतही शर्यतीत खाण्यापिण्याची सवय लावून घेऊ नये, असाच उपदेश आहे.

यावर हसण्यापूर्वी आपल्या घरातला उंबरा आठवावा. ‘उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नकोस, आधी जरा टेक’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकलेले नाही?

६/
पाण्याची गोष्ट अशी. आता अन्नाकडे वळू, आणि त्यासाठी आणखी चाळीस वर्षे मागे जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शब्द युरोपात प्रमाण होता. त्याचे मत असे, की स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःच जळतात. म्हणून श्रम करणाऱ्याने प्रथिने, म्हणजे मांस, खावे. स्नायू मांसाचा, तर त्याचे इंधनही मांसच! तर्क इतका सरळ होता, की तो तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटले नाही.

७/
तपासले ते झुरिकच्या दोन प्राध्यापकांनी: अडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनस. ऑगस्ट १८६५ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढले. ब्रिएंझ सरोवराच्या काठापासून चढाई जवळपास दोन हजार मीटरची. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने पूर्ण वर्ज्य केली होती. शिदोरी होती पिठूळ स्टार्चच्या, चरबीत तळलेल्या वड्यांची. सोबत साखरेचा चहा आणि थोडे मद्य. चढताना आणि चढल्यावर दोघांनी आपापली लघवी बाटल्यांत साठवली.

कारण साधे होते. प्रथिन जळले की त्यातील नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडतो. तो मोजला की किती प्रथिन खर्च झाले ते कळते. हिशेब केला तेव्हा दिसले, की जळलेल्या प्रथिनातून मिळू शकणारी ऊर्जा दोघांची शरीरे डोंगरावर चढवण्यास मुळीच पुरेशी नव्हती. पुढच्या वर्षी एडवर्ड फ्रँकलंड यांनी अन्नपदार्थांची उष्णता प्रत्यक्ष मोजून या निष्कर्षाला बळकटी दिली. स्नायूंचे इंधन दुसरेच काही होते: पिष्ट आणि मेद.

विज्ञानाच्या इतिहासातील हा माझा आवडता प्रयोग आहे. उपकरणे काय, तर दोन माणसे, एक डोंगर आणि काही बाटल्या.

८/
पण ग्रंथात हरलेले मत बाजारात जिवंत राहू शकते. लीबिगच्या नावाची कंपनी दक्षिण अमेरिकेत मांसाचा अर्क बनवून जगभर विकत होती. तिच्याच एका उत्पादनाचे नाव ऑक्सो. आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनपटूंच्या खाण्यापिण्याचे अधिकृत कंत्राट मिळाले ते याच ऑक्सोला. गरम ऑक्सो, गार ऑक्सो, सोड्यातला ऑक्सो. शिवाय तांदळाची खीर, मनुका, केळी, दूध-सोडा. कोणी कोसळलाच तर उत्तेजकांचीही सोय.

गंमत पाहा. या यादीत धावणाऱ्याच्या खऱ्या कामाचे पदार्थ होते खीर, मनुका आणि केळी. ज्याची जाहिरात होती त्या अर्कात खारटपणा आणि चव सोडल्यास ऊर्जा नाममात्रच.

९/
याच शर्यतीत, २४ जुलै १९०८ रोजी, इटलीचा डोरांडो पिएत्री सर्वांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला, चुकीच्या दिशेने वळला, आणि मग पुनःपुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला अंतिम रेषेपार नेले, म्हणून तो बाद ठरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा यांनी डोरांडोला चषक दिला. त्याचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते पराक्रमाचे चित्र म्हणून छापले जाते. वैद्याच्या नजरेने पाहिले तर ते उष्णतेने आणि थकव्याने मेंदूचा ताबा सुटलेल्या माणसाचे चित्र आहे.

१०/
चार वर्षांनी, १४ जुलै १९१२ रोजी, स्टॉकहोममध्ये हे चित्र पूर्ण झाले. पुन्हा तिशीपारचे तापमान, पुन्हा भर दुपार. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. आधुनिक ऑलिंपिकमधील स्पर्धेदरम्यानचा हा पहिला मृत्यू. तो व्यवसायाने सुतार होता.

त्याच शर्यतीतील जपानचा कानाकुरी शिझो हाही उष्णतेने बेजार झाला. वाटेतल्या एका बागेत काही मंडळी बसली होती. तिथे त्याला पेय मिळाले, तो विसावला, आणि संकोचाने कोणाला न सांगता मायदेशी परतला. स्वीडनच्या दफ्तरी तो ‘बेपत्ता’ राहिला. १९६७ मध्ये त्याला सन्मानाने बोलावून शर्यत पूर्ण करू दिली. अधिकृत वेळ: ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास.

एकाच दिवशी एकाच रस्त्यावर, पाणी पिऊन थांबलेला एक आणि न थांबलेला एक. कानाकुरी नव्वदी पार करून वारला.

११/
येथे महाराष्ट्राचा धागा या कथेला खराखुरा जुळतो.

सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकरी घरांतील तरुण अनवाणी धावून अशी वेळ नोंदवत, की ती युरोपीय धावपटूंच्या जवळ जाई; हे पाहून त्यांच्या मनात भारतीय पथक ऑलिंपिकला पाठवण्याचे आले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला ते गेले. त्यात मॅरेथॉनसाठी दोघे होते: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये आजवरचे सर्वाधिक. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले.

सेंट लुईसचा विजेता याहून कमी अंतराला साडेतीन तास लावून, दुसऱ्यांच्या खांद्यांवर पोहोचला होता. अर्थात तुलना तंतोतंत करता येत नाही. अँटवर्पची हवा थंड होती आणि रस्ता बरा. पण सोळा वर्षांत किती फरक पडला, आणि त्यात हवेचा वाटा किती मोठा, हे मात्र नीट दिसते.

१२/
आपल्या तालमींत खुराकाचे वेळापत्रक त्याहून कितीतरी जुने आहे. मेहनत झाली, घाम जिरला, की मग थंडाई: बदाम, खसखस, बडीशेप, खडीसाखर, दूध. मेहनतीच्या आधी पोट भरायचे नाही आणि नंतर रिकामे ठेवायचे नाही, हा वस्तादाचा दंडक. त्यामागे प्रयोगशाळा नव्हती. पिढ्यांचे निरीक्षण होते. ते कितपत खरे ठरले, ते पुढे येईलच.

१३/
आता बॉस्टन, एप्रिल १९२४. इन्सुलिनचा शोध लागून जेमतेम तीन वर्षे झालेली. इन्सुलिन जास्त झाले की रक्तातली साखर घसरते. रुग्ण पांढराफटक पडतो, थरथरतो, बरळतो, हे डॉक्टर नव्यानेच पाहत होते. सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या मनात विचार आला: मॅरेथॉनच्या शेवटी कोसळणारे धावपटू नेमके असेच तर दिसतात!

त्यांनी अंतिम रेषेपाशी धावपटूंचे रक्त घेतले. जे धडधाकट पोहोचले त्यांची रक्तशर्करा ठीक होती. जे गलितगात्र अवस्थेत आले, त्यांची लक्षणीय खाली गेली होती.

पुढच्या वर्षी त्यांनी उलट बाजूने प्रयोग केला. काही धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर पिष्टमय अन्न दिले आणि शर्यतीत खाण्यासाठी गोळ्या-मिठाई दिली. त्या वर्षी त्यांची रक्तशर्करा टिकली आणि प्रकृतीही.

१४/
म्हणजे १९२५ मध्ये उत्तर छापून तयार होते: लांब शर्यतीच्या आदल्या दिवशी पिष्टमय जेवण आणि वाटेत साखर. आजचा कोणताही प्रशिक्षक याहून फार वेगळे सांगत नाही.

मग पुढची चाळीस वर्षे काय झाले? जवळजवळ काहीच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते वापरात येणे यांमध्ये कधी कधी एक अख्खी पिढी जाते. वैद्यकीय नियतकालिक वाचणारे डॉक्टर आणि रस्त्यावर शिट्टी वाजवणारे प्रशिक्षक यांचा परस्परांशी संबंधच नव्हता.

१५/
संशोधन मात्र चालू राहिले. १९३९ मध्ये क्रिस्टन्सन आणि हॅन्सन या स्कँडिनेव्हियन शास्त्रज्ञांनी दाखवले, की काही दिवस पिष्टमय आहार घेतलेला माणूस मेदयुक्त आहार घेतलेल्यापेक्षा दुपटीहून अधिक वेळ सायकल मारू शकतो.

मग महायुद्ध आले. वाळवंटात लढायचे तर पाणी किती लागते, हा प्रश्न सैन्यांपुढे उभा राहिला. जवानांना कमी पाण्याची ‘सवय’ लावता येते असा लष्करी समज होता. एडवर्ड अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तो तपासला आणि मोडीत काढला: पाणी तोडून शरीर काटकसर शिकत नाही, फक्त लवकर थकते. १९४४ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेत पिट्स आणि सहकाऱ्यांनी उष्ण खोलीत माणसांना तासन्‌तास चालवले. पाणी न पिणारे सर्वांत आधी गळाले. घाम गेला तेवढे पाणी पिणारे सर्वांत चांगले टिकले.

१६/
आणि तरीही नियम पाहा. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाच्या नियमांप्रमाणे मॅरेथॉनमध्ये पहिले सुमारे १५ किलोमीटर काहीही घेता येत नसे. पुढे ही मर्यादा ११ किलोमीटरवर आली, आणि ५ वर यायला १९७० चे दशक उजाडले. म्हणजे पाणी नाकारणे ही आता केवळ समजूत राहिली नव्हती. तो कायदा होता.

१७/
त्या काळाचा नायक इंग्लंडचा जिम पीटर्स. मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ त्याने चारदा मोडली. ७ ऑगस्ट १९५४ रोजी व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत (तेव्हाचे नाव ब्रिटिश साम्राज्य आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा) तो उन्हात स्टेडियममध्ये शिरला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या १७ मिनिटे पुढे होता. एक फेरीही उरली नव्हती. पण पाय आवरेनात. तो पडला, उठला, पुन्हा पडला. सुमारे २०० मीटर जायला त्याला ११ मिनिटे लागली आणि मग तो रेषेआधीच थांबवला गेला. त्यानंतर तो पुन्हा कधी मॅरेथॉन धावला नाही.

तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, सहलेखकांसह लिहिलेल्या पुस्तकात त्याने नवोदितांना सल्ला दिला: शर्यतीत घन आहाराची गरज नाही, आणि शक्यतो द्रवही टाळावेत.

हे वाचून मी बराच वेळ पान उलटू शकलो नव्हतो. ज्या माणसाच्या शरीराने हजारो प्रेक्षकांसमोर साक्ष दिली, त्यालाच ती ऐकू आली नाही. अनुभव हा गुरू आहे असे आपण म्हणतो. पण अनुभवाचा अर्थ लावायला जे चष्मे लागतात ते आधीच डोळ्यांवर चढलेले असतात.

१८/
कोंडी फुटली ती एका सुईने.

स्वीडनमधील योनास बेरिस्ट्रम यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी स्नायूचा छोटा तुकडा काढण्याची सुई पुन्हा वापरात आणली. आता मूत्र आणि रक्तावरून अंदाज बांधण्याची गरज नव्हती; थेट स्नायूत डोकावता येत होते. १९६६ मध्ये त्यांनी आणि एरिक हल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकच सायकल, तिच्या दोन बाजूंना दोन शास्त्रज्ञ. एकाचा उजवा पाय एका पेडलवर, दुसऱ्याचा डावा दुसऱ्या पेडलवर. दोघांचा उरलेला पाय स्वस्थ. थकेपर्यंत पेडल मारले आणि मग तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार घेतला. रोज दोन्ही मांड्यांत सुई.

१९/
स्नायूत साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. राबलेल्या पायातील हा साठा पार रिता झाला होता. तीन दिवसांत तो भरला, आणि नुसता भरला नाही, तर न राबलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला.

शरीर एकच, रक्त एकच, जेवण एकच. फरक फक्त श्रमाचा. म्हणजे श्रमाने रिकामा झालेला स्नायू नंतर मिळालेले अन्न अधिक हावरेपणाने साठवतो. तालमीतला वस्ताद मेहनतीनंतर खुराक का देत असे, याचे एक कारण येथे सुईच्या टोकावर दिसले. (थंडाईत साखर आणि दूध असते हे लक्षात घ्यावे. बाकी बदामांची महती मी पैलवानांवर सोपवतो.)

२०/
१९६७ मध्ये याच गटाने आकडे दिले. त्याच माणसांना, त्याच सायकलवर, त्याच गतीने थकेपर्यंत राबवले. मेद आणि प्रथिनांच्या आहारावर ते सरासरी ५७ मिनिटे टिकले, मिश्र आहारावर ११४, आणि पिष्टमय आहारावर १६७. इतका स्वच्छ निकाल शरीरशास्त्रात क्वचितच मिळतो.

बातमी या वेळी मात्र मैदानापर्यंत पोहोचली. इंग्लंडचा रॉन हिल कापड-रसायनशास्त्राचा डॉक्टरेट. शोधनिबंध वाचणारा धावपटू. १९६९ च्या अथेन्समधील युरोपीय स्पर्धेआधी त्याने आधी साठा रिकामा करून मग तीन दिवस पिष्टान्नावर भर दिला. शर्यतीत बेल्जियमचा गॅस्टन रोलान्ट्स आघाडीवर होता. अखेरच्या टप्प्यात तो मंदावला, हिलचे पाय मंदावले नाहीत. हिल जिंकला. आज शर्यतीच्या आदल्या रात्री भात किंवा पास्ता खाण्याचा जो विधी जगभर चालतो, त्याचे मूळ येथे आहे.

२१/
याच सुमारास अमेरिकेत दुसरी घटना. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकाने मूत्रपिंडतज्ज्ञ रॉबर्ट केड यांना विचारले: सामन्यात मुलांना लघवी का होत नाही? उत्तर होते, की सारे पाणी घामात जाते. केड यांनी पाणी, मीठ आणि साखर यांचे मिश्रण केले. ते इतके घाण लागले की त्यांना स्वतःलाच उलटी झाली. त्यांच्या पत्नीने लिंबाचा रस घालायला सुचवले. संघाचे नाव ‘गेटर्स’, म्हणून पेयाचे नाव गेटोरेड.

मीठ, साखर, लिंबू, पाणी. आपल्या स्वयंपाकघरात याला लिंबू-सरबत म्हणतात आणि त्याचे पेटंट कोणी घेतले नाही.

२२/
नंतर काय खावे आणि किती लवकर, या प्रश्नाला १९८८ मध्ये जॉन आयव्ही यांनी हात घातला. व्यायामानंतर लगेच कर्बोदके दिली तर साठा भरण्याचा वेग चांगला राहिला. दोन तास उशीर केला तर तो जवळपास निम्म्यावर आला. यातूनच ‘अर्ध्या तासाची खिडकी’ हा व्यायामशाळांतील मंत्र जन्मला आणि त्यावर प्रथिनभुकटीचे डबे विकले गेले.

१९९७ च्या एका प्रयोगाने याला मर्यादा घातली. दोन तास उशिरा खाल्ले, पण एकूण पुरेसे खाल्ले, तर आठ आणि चोवीस तासांनंतर साठ्यात फरक उरत नाही. म्हणजे त्याच दिवशी पुन्हा धावायचे असेल तर घाई करावी. उद्या धावायचे असेल तर नीट घरी जाऊन जेवावे. पहिला प्रयोग सर्वांना ठाऊक आहे, दुसरा फार थोड्यांना. दुसऱ्यातून विकण्यासारखे काही निघत नाही, एवढेच त्याचे कारण मला दिसते.

२३/
आणि मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला.

१९७०-८० च्या दशकांत सल्ला उलटला: तहान लागण्याची वाट पाहू नका, प्या, जमेल तितके प्या. १९९६ च्या अमेरिकन क्रीडावैद्यक संस्थेच्या सूचनाही घामाइतके, किंवा सोसेल तितके, पिण्याकडे झुकणाऱ्या होत्या. दर दीड-दोन किलोमीटरवर पाण्याची टेबले लागली. हौशी धावपटू वाढले. ते चार-पाच तास धावत, घाम कमी गाळत, आणि प्रत्येक टेबलापाशी थांबत.

दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी १९८५ मध्येच इशारा दिला होता. लांब शर्यतींत अतिपाण्यामुळे रक्तातले सोडियम विरळ होऊन मेंदूला सूज आल्याची चार उदाहरणे त्यांनी प्रसिद्ध केली होती. फारसे कोणी लक्ष दिले नाही. हे वाक्य या धाग्यात आता नवे राहिलेले नाही.

२४/
२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुण धावपटू याच कारणाने मरण पावली. त्याच शर्यतीतील ४८८ जणांचे रक्त संशोधकांनी तपासले होते. १३ टक्क्यांमध्ये सोडियम धोक्याच्या रेषेखाली होते. धोका सर्वाधिक कोणाला? ज्यांचे वजन शर्यतीत वाढले त्यांना. चाळीस किलोमीटर धावून वजन वाढते, म्हणजे माणूस किती प्यायला असेल!

१९१२ मध्ये लाझारो उष्णतेने गेला, २००२ मध्ये दुसरे कोणी पाण्याने. दोघांनीही आपापल्या काळातील प्रचलित सल्ल्याप्रमाणेच वागण्याचा प्रयत्न केला होता. २००७ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने सूचना बदलल्या: वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट होऊ देऊ नये, पण घामापेक्षा जास्तही पिऊ नये.

२५/
शेवटी एक छोटी नोंद, जी वाचून मला पुन्हा सेंट लुईस आठवले.

२००४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी सायकलपटूंना कर्बोदकाचे पाणी दिले. पण प्यायला नव्हे, फक्त चूळ भरून थुंकायला. पोटात काहीच गेले नाही. तरीही तासाभराच्या शर्यतीत त्यांची कामगिरी सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. तोंडातील संवेदकांना साखरेची चाहूल लागताच मेंदू स्नायूंना जरा अधिक मोकळीक देतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

१९०४ मध्ये हिक्सचे तोंडही असेच पुसले होते. स्पंजात मात्र साखर नव्हती. नुसते शुद्ध केलेले पाणी होते.